रुग्णालयाची थकबाकी आणि पगारजप्ती : कायद्याने आखलेल्या मर्यादा व कर्जदाराचे अधिकार

नवी दिल्ली : रुग्णालयाचे थकलेले देयक किंवा उपचारांसाठी काढलेले कर्ज वसूल करण्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून परस्पर रक्कम कापून घेण्याचा अधिकार रुग्णालयाला, वित्त कंपनीला अथवा वसुली प्रतिनिधीला नाही. त्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो आणि त्यानंतर पगारजप्तीचा स्वतंत्र आदेशही लागतो. असा आदेश झाला तरी पगाराचा मोठा भाग कायद्याने सुरक्षित ठेवलेला आहे. मात्र हे संरक्षण माहीत नसल्यामुळे, तसेच समन्सकडे दुर्लक्ष झाल्यामुळे अनेकांवर एकतर्फी हुकूमनामे होतात. पगार कापला जाऊ लागल्यावरच त्यांना प्रकरणाची जाणीव होते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के खर्च कुटुंबे स्वतःच्या खिशातून करीत होती. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. घट लक्षणीय असली तरी खर्चाचा मोठा वाटा आजही कुटुंबांवरच आहे. अतिदक्षता विभागातील काही दिवसांचे देयकही अनेक पगारदार कुटुंबांची बचत संपवते. त्यानंतर वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, पतसंस्था किंवा सावकार हे मार्ग उरतात. अशा थकबाकीतून पगारजप्तीची वेळ कशी येते, तिच्या मर्यादा कोणत्या आणि कोणत्या टप्प्यावर काय करता येते, याचा हा आढावा.

देयकापासून जप्तीपर्यंतचा मार्ग

थकीत देयकासाठी रुग्णालयाला दिवाणी दावा दाखल करावा लागतो. मुदत कायदा, १९६३ नुसार अशा पैशांच्या दाव्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. ही मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने देणे लेखी मान्य केले किंवा स्वतःच्या सहीने अंशतः रक्कम भरली, तर मुदत नव्याने सुरू होते. त्यामुळे जुन्या थकबाकीबाबत कोणत्याही पत्रावर सही करण्यापूर्वी तारखा तपासून पाहणे हिताचे ठरते.

दावा दाखल झाल्यावर प्रतिवादीला समन्स बजावले जाते. साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. वचनचिठ्ठी किंवा लेखी करारावर आधारित दावा संक्षिप्त स्वरूपाचा असल्यास दहा दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते. ती न नोंदवल्यास वादीचे म्हणणे मान्य आहे असे धरून हुकूमनामा दिला जाऊ शकतो.

वित्त कंपन्यांच्या कर्जकरारांत अनेकदा लवादाची तरतूद असते. लवादाचा निवाडाही हुकूमनाम्याप्रमाणेच अमलात आणता येतो. म्हणून लवादाकडून आलेली नोटीस न्यायालयाच्या समन्सइतकीच गांभीर्याने घेतली पाहिजे. निवाड्याला आव्हान देण्यासाठी तो मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. वादातील एकाच पक्षाने हितसंबंध असूनही स्वतःच्या मर्जीने एकमेव लवाद नेमण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य ठरवले आहे. हा मुद्दा कर्जदाराला मांडता येतो.

हुकूमनामा झाल्यानंतरही रक्कम न भरल्यास धनको त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करतो. हुकूमनामा बारा वर्षांपर्यंत अमलात आणता येतो. पगारजप्ती हा या अंमलबजावणीचा एक प्रकार आहे. सरकारी, रेल्वे व स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २१, नियम ४८ लागू होतो, तर खासगी कर्मचाऱ्यांसाठी नियम ४८-अ. न्यायालयाचा आदेश पगार अदा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो आणि तो ठरलेली रक्कम दरमहा न्यायालयाकडे पाठवतो. आदेश डावलून नियोक्त्याने पूर्ण पगार दिला, तर त्या रकमेची जबाबदारी त्याच्यावर येते. त्यामुळे नियोक्त्याकडे रदबदली करून उपयोग होत नाही. जे मांडायचे ते न्यायालयासमोरच मांडावे लागते.

किती पगार जप्त होऊ शकतो

संहितेच्या कलम ६० नुसार पोटगीखेरीज अन्य हुकूमनाम्यांसाठी मासिक पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. म्हणजेच पहिले एक हजार वगळून राहणाऱ्या रकमेचा जास्तीत जास्त एक-तृतीयांश भाग जप्त होऊ शकतो.

उदाहरणार्थ, एखाद्या कर्मचाऱ्याचा पगार ३१,००० रुपये असेल, तर १,००० रुपये वगळून ३०,००० रुपये उरतात. त्यातील २०,००० रुपये सुरक्षित राहतात आणि दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये जप्त होऊ शकतात. १६,००० रुपये पगार असल्यास ही मर्यादा ५,००० रुपये होते.

हा हिशेब हातात पडणाऱ्या रकमेवर नव्हे, तर एकूण मासिक वेतनावर होतो. सरकारने अधिसूचनेद्वारे जप्तीतून वगळलेले सरकारी, रेल्वे व स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांचे भत्ते तेवढे त्यातून बाजूला काढले जातात. ज्यांच्या पगारातून आधीच कर्जाचे हप्ते व अन्य कपाती होत असतात, त्यांच्या घरखर्चाला जप्तीनंतर प्रत्यक्षात खूपच कमी रक्कम उरते. काही राज्यांनी कलम ६० मध्ये स्थानिक दुरुस्त्या केलेल्या आहेत. त्यामुळे आपल्या राज्यातील तरतूद वकिलाकडून तपासून घ्यावी.

चोवीस महिन्यांची मर्यादा

या कलमातील कमी परिचित, पण महत्त्वाची तरतूद कालावधीची आहे. पगाराचा जप्तीयोग्य भाग सलग किंवा खंडित स्वरूपात एकूण चोवीस महिने जप्तीखाली राहिला असेल, तर पुढील बारा महिने तो जप्तीतून मुक्त राहतो. ही जप्ती एकाच हुकूमनाम्यासाठी झालेली असेल, तर चोवीस महिन्यांनंतर त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मुक्त होतो.

वरील उदाहरणातील कर्मचाऱ्यावर तीन लाख रुपयांचा हुकूमनामा असेल, तर चोवीस महिन्यांत २,४०,००० रुपये वसूल होतील. उरलेल्या रकमेसाठी त्याच हुकूमनाम्यावर पगार पुन्हा जप्त करता येणार नाही. मात्र देणे संपत नाही. धनको अन्य मालमत्तेची जप्ती मागू शकतो. किती महिने कपात झाली याची नोंद ठेवणे त्यामुळे कर्मचाऱ्याच्याच हिताचे आहे. मुदत पूर्ण होऊनही कपात सुरू राहिल्यास पगारपत्रकांसह न्यायालयात अर्ज करावा.

पगाराचा जप्तीयोग्य भाग आधीच एका आदेशाखाली कापला जात असेल, तर नंतर आलेला आदेश पगार अदा करणाऱ्या अधिकाऱ्याने सर्व तपशिलांसह संबंधित न्यायालयाकडे परत पाठवायचा असतो. दोन धनकोंना प्रत्येकी एक-तृतीयांश असा पगार कापता येत नाही. याशिवाय नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ नुसार कोणत्याही वेतन कालावधीतील एकूण कपात वेतनाच्या पन्नास टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही.

पूर्ण संरक्षण कशाला

मजूर आणि घरकामगार यांची मजुरी, मग ती रोख असो वा वस्तुरूप, जप्तीतून पूर्णपणे वगळलेली आहे. निवृत्तिवेतनधारकांना मिळणारे निवृत्तिवेतन व उपदान, तसेच भविष्य निर्वाह निधीतील रक्कमही संरक्षित आहे. आयुर्विम्याच्या पॉलिसीपोटी मिळणाऱ्या रकमेलाही हे संरक्षण आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत.

हे संरक्षण करार करूनही सोडून देता येत नाही. कलम ६० (१-अ) नुसार जप्तीतील सवलत सोडून देण्याबाबतचा कोणताही करार शून्यवत ठरतो. रुग्णालयाच्या दाखल अर्जावर किंवा कर्जाच्या कागदावर ‘संपूर्ण पगारातून वसुलीस माझी हरकत नाही’ असे वाक्य असले, तरी न्यायालयीन जप्तीची मर्यादा त्यामुळे वाढत नाही.

बँक खात्याची स्थिती वेगळी आहे. खात्यातील शिल्लक रकमेवर न्यायालय स्वतंत्र आदेश काढू शकते. त्यात पगाराची किंवा निवृत्तिवेतनाची रक्कम असल्यास खातेउताऱ्यासह ती बाब तत्काळ न्यायालयाच्या निदर्शनास आणावी.

न्यायालयाविना होणारी कपात

जप्तीची मर्यादा न्यायालयीन आदेशांना आहे. कर्मचाऱ्याने स्वतःच्या सहीने मान्य केलेल्या वसुलीला ती त्याच प्रकारे लागू होत नाही. व्यवहारात अनेकांचा पगार न्यायालयापेक्षा या सह्यांमुळेच रिकामा होतो.

आजारपणासाठी कर्ज काढताना नोकरदारांचा पहिला आधार बहुधा पगारदार सहकारी पतसंस्थेचा असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाने करारनामा करून दिलेला असल्यास संस्थेच्या मागणीवरून नियोक्त्याला पगारातून हप्ता कापून द्यावा लागतो. कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवून संस्थेला दिवाणी दाव्याविना वसुली करता येते. या दाखल्याच्या चौकशीची नोटीस आल्यावर हिशेबाबाबतचे आक्षेप तेथेच नोंदवणे आवश्यक असते.

बँक खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याचे अधिकारपत्र हा दुसरा मार्ग आहे. खात्यात रक्कम नसल्यामुळे असा हप्ता परत गेल्यास देयक व समायोजन प्रणाली अधिनियम, २००७ च्या कलम २५ खाली फौजदारी कारवाई होऊ शकते. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ लागू होते. त्यात नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरण्याची संधी असते. रुग्णाला घरी सोडताना उरलेल्या देयकापोटी पुढील तारखेचे किंवा कोरे धनादेश देणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात घेतले पाहिजे. साधी थकबाकी हा दिवाणी विषय आहे, मात्र न वटलेला धनादेश फौजदारी प्रकरण होऊ शकतो.

जामीनदार, वारस आणि दाखल अर्जावरील सही

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे सहकाऱ्याच्या आजारपणासाठी जामीन राहिलेल्या कर्मचाऱ्याचा पगारही जप्तीच्या कक्षेत येतो. रुग्णालयाच्या दाखल अर्जावर देयक भरण्याची हमी देणाऱ्या नातेवाइकाची स्थितीही अशीच असू शकते. सही ‘माहिती देणारा नातेवाईक’ म्हणून आहे की ‘देयकाची जबाबदारी घेणारा’ म्हणून, हे सहीपूर्वी वाचणे महत्त्वाचे आहे.

उपचारांदरम्यान रुग्णाचा मृत्यू झाल्यास आणि वारसाने स्वतः कोणतीही हमी दिलेली नसल्यास, मृताच्या देण्यासाठी वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या वारसा-मालमत्तेपुरतीच मर्यादित असते. वारसाचा स्वतःचा पगार त्यासाठी जप्त करता येत नाही.

देयक न भरल्याच्या कारणावरून रुग्णाला अडवून ठेवणे किंवा मृतदेह ताब्यात न देणे हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेच्या विरुद्ध आहे. थकबाकीच्या वसुलीसाठी रुग्णालयाला दिवाणी मार्ग खुला असतो.

नोटीस आल्यावर काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे तपशीलवार देयक मागणे. औषधे, चाचण्या, खोलीभाडे, डॉक्टरांचे शुल्क व विमा कंपनीने मंजूर केलेली रक्कम यांचा मेळ घालून पाहावा. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिलेला आहे. अवाजवी आकारणीविरुद्ध दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र ग्राहक आयोगाकडे तक्रार केली म्हणून दिवाणी दाव्यातील हजेरी टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखी तडजोड. ठरलेली रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि पूर्ण भरण्यानंतर ‘देणे बाकी नाही’ असा दाखला देण्याची अट कागदावर असावी. रक्कम बँकेमार्फत भरावी. दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येते. तेथील निवाडा हुकूमनाम्यासमान असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून जे हप्ते झेपणार नाहीत ते लोकअदालतीत मान्य करू नयेत.

दावा सुरू असल्यास हप्त्यांची विनंती तेथेच करावी. आदेश २०, नियम ११ नुसार हुकूमनामा देताना न्यायालय पुरेशा कारणासाठी हप्ते बांधून देऊ शकते. हुकूमनामा झाल्यानंतर मात्र त्यासाठी धनकोची संमती लागते. याच कारणामुळे समन्स मिळताच हजर राहणाऱ्या आणि जप्तीनंतर धावपळ करणाऱ्या कर्जदारांच्या स्थितीत मोठे अंतर पडते.

एकतर्फी हुकूमनामा झालेला असल्यास तो रद्द करण्यासाठी आदेश ९, नियम १३ खाली अर्ज करता येतो. त्याची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीस दिवस आहे. समन्स रीतसर बजावले गेले नसल्यास हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून ही मुदत मोजली जाते. जप्तीची रक्कम चुकीची असल्यास अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयापुढेच कलम ४७ खाली हरकत घ्यावी.

वसुली प्रतिनिधी अटकेची धमकी देतात, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. दिवाणी हुकूमनाम्यासाठी अटक होऊ शकते. परंतु केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, ऐपत असूनही बुद्धिपुरस्सर टाळाटाळ झाल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले आहे. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार वसुली प्रतिनिधींना सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास मनाई आहे. याबाबत बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांवर आणखी एक जबाबदारी आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १७ नुसार कर्जवसुलीसाठी न्यायालयीन कारवाई सुरू झाल्यास तिची माहिती सरकारला देणे बंधनकारक आहे. ही परिस्थिती आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणांमुळे ओढवली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर असते. आजारपणाची कागदपत्रे जपून ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

मदतीचे मार्ग

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. अन्य नागरिकांसाठी राज्यनिहाय उत्पन्नमर्यादा आहे. तालुका व जिल्हा न्यायालयांत विधी सेवा समिती अथवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

कर्ज काढण्यापूर्वीच काही पर्याय तपासता येतात. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांचा, उत्पन्न न पाहता, या योजनेत समावेश झाला आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि योजना लागू असलेल्या आस्थापनांतील कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजनेचा लाभ मिळतो. आजारपणासाठी भविष्य निर्वाह निधीतून परत न करावी लागणारी आगाऊ रक्कम घेता येते आणि तिच्यावर व्याज नसते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, तर गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका शक्यतो दाखल होतानाच सादर करावी. देयक तयार झाल्यावर ही सवलत मिळवणे अवघड जाते.

थकबाकीचे प्रकरण सुरू असेपर्यंत दाखल अर्जाची प्रत, तपशीलवार देयक, विमा कंपनीचा पत्रव्यवहार, भरलेल्या रकमांच्या पावत्या, समन्स ज्या पाकिटातून आले ते पाकीट आणि जप्ती सुरू झाल्यापासूनची सर्व पगारपत्रके एकत्र ठेवावीत. समन्स केव्हा मिळाले आणि पगार किती महिने कापला गेला, या दोन प्रश्नांची उत्तरे न्यायालय या कागदांवरूनच शोधते.